तळ्यावर कुणाचे बूट

व्याह्यांनी नकाशा उलगडला तो थेट जेवणाच्या टेबलभर. मिठाची बरणी सरकवली, पाण्याचा जग सरकवला, आणि आजोबांच्या पुढ्यातली कपबशीही सरकवायला निघाले होते. पण आजोबांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर, चहा प्यायला जागा मागायची वेळ आली म्हणजे कमालच झाली!

“हे बघा,” व्याही म्हणाले, “हे ते तळं. बस आपल्याला इथे सोडते. इथून चढ सुरू.”

हे ते तळं म्हणे! जसं काही काल यांनीच खणलं! त्या तळ्यावर आजोबा तीस वेळा तरी गेले असतील. लग्नाआधी गेले, लग्नानंतर गेले, मुलाला खांद्यावर घेऊन गेले. व्याह्यांना या गावात येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं, आणि ते आजोबांना बोटाने तळं दाखवत होते. आजोबांनी चहाचा मोठा घोट घेतला, तोंड पोळलं, आणि त्याचाही राग व्याह्यांवरच निघाला.

दोघांची नात भिंगरी टेबलावर कोपरं टेकून नकाशात डोकं घालून बसली होती. खरं नाव वेगळं. पण एका जागी पाय ठरत नाही म्हणून आजोबांनीच तिला भिंगरी केलं होतं. तिनेही दोन्ही आजोबांची बारशी उरकून टाकली होती. बापाचे वडील ते बूटवाले आजोबा, कारण घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं बूट शिवायचं दुकान. आईचे वडील ते पोहणारे आजोबा, कारण त्यांनी पस्तीस वर्षं पोहायला शिकवलं. निवृत्त झाले आणि लेकीजवळ राहायला आले. आले ते आले, पोटऱ्या अशा घेऊन आले की जिना चढताना आजोबांना मागून त्याच दिसत राहायच्या.

आणि आजोबांचा उजवा गुडघा? तो दोन हिवाळ्यांपूर्वी जो रुसला तो रुसलाच. जिन्यावर कुरकुरायचा, उतारावर तर सरळ बसकण मारायचा.

आता गंमत अशी, की भिंगरी चार वर्षांची असताना आजोबांनी तिला शब्द दिला होता. “तू नऊ वर्षांची झालीस ना, की तुला तळ्यावर नेईन. मी. बोट धरून.” भिंगरी नऊ वर्षांची झाली, आठ महिने उलटले, बर्फ वितळून वाट मोकळी झाली, आणि शब्द पाळायला निघाले होते व्याही! मुलाला नि सुनेला रविवारी कामाची पाळी, तेव्हा नेणार कोण? तर पोहणारे आजोबा. सूनबाईने हसत हसत ठरवून टाकलं. आजोबांना विचारलं ते इतकंच, की “बाबा, तुमची जुनी शिट्टी द्याल का हो हिला?”

“मग आठची बस,” व्याही म्हणाले. “पोरीची झोप नीट होईल. पावणेनऊला पायथा, तीन तासांचा चढ धरू, पावणेबाराला तळं. तिथे खाऊन घ्यायचं, आणि काही झालं तरी दीडला उतरायला लागायचं. साडेचारची बस चुकली तर रात्र तिथेच.” मग त्यांनी मान वर केली. “व्याहीबुवा, तुम्ही इतक्यांदा गेलाय. वर काही खास बघण्यासारखं? काही सुचवायचं असेल तर सांगा.”

इथे आजोबांनी कपबशी खाली ठेवली.

खास होतं. तळ्याच्या पलीकडच्या काठावर तीन मोठे धोंडे आहेत. तिसऱ्याच्या मागे एक फट आहे, माणूस जेमतेम आडवा होऊन आत सरकेल एवढी. तिच्यातून गेलं की पाण्याला लागून एक सपाट कातळ लागतो. त्याच्यावर पालथं पडून पाहिलं की अख्खा बर्फाचा डोंगर पाण्यात उलटा दिसतो. शिखर अगदी आपल्या हनुवटीखाली. तरुणपणी वाऱ्याने उडालेली टोपी शोधताना आजोबांना ती जागा सापडली होती. मुलाला दाखवायला दोनदा नेलं, दोन्ही वेळा ढग आले. पुढे मुलाला मिशा फुटल्या आणि तळ्यातला रस संपला. तेव्हापासून आजोबांनी ती जागा भिंगरीसाठी राखून ठेवली होती. तिलाही कधी सांगितली नव्हती. अचानक दाखवायची आणि तिचं तोंड बघायचं, एवढंच मनात.

आणि आणखी एक गोष्ट त्यांना ठाऊक होती. साडेदहाच्या सुमाराला वरच्या खिंडीतून वारा सुटतो. रोज. एकदा तो सुटला की पाणी थरथरायला लागतं, आणि मग डोंगर नाही नि शिखर नाही. पावणेबाराला पोचणाऱ्याला काय दिसणार? तळं. नुसतं पाणी!

हे सांगायला कितीसा वेळ लागला असता? दोन वाक्यांचं काम. पण आजोबांनी व्याह्यांच्या त्या नीट कापलेल्या नखाकडे पाहिलं, नखाखालच्या तळ्याकडे पाहिलं, शेजारी टेकलेल्या भिंगरीच्या डोक्याकडे पाहिलं.

“छे हो,” ते म्हणाले. “खास कसलं? तळं आहे, पाणी आहे. तुमचा बेत अगदी चोख आहे.”

मग व्याह्यांनी पिशवीतून खोकं काढलं. आत बूट. डोंगर चढायचे, निळ्या नाड्यांचे, कारखान्यात बनलेले. “म्हटलं, हिच्यासाठी—”

“कारखान्याचे बूट?” आजोबा ताडकन उठले. म्हणजे उठायला गेले. गुडघ्याने मध्येच अडवलं. “माझ्या नातीच्या पायात? या घरात? उद्या बेकरीवाल्याच्या घरी पाव विकत आणून द्याल! बूट मी शिवणार.”

व्याह्यांनी गुपचूप खोकं मिटलं. माणूस भला होता, हीच तर पंचाईत होती. भांडखोर असता तर आजोबांचं निम्मं दुखणं बोलून हलकं झालं असतं.

“तुम्ही शिवाल ते उत्तमच,” व्याही म्हणाले.

त्या दिवसापासून आजोबांच्या डोक्यात एकच गोष्ट. आपले पाय तळ्यावर जाणार नाहीत, ठीक आहे. आपले बूट जातील. बोट त्यांचं धरू दे, पाय माझ्या चामड्यात असतील. प्रत्येक पावलाला मी तिथे असेन. बघतोच!

दुकानात खिळ्याला खाकी कागदांची चळत टांगलेली होती. दर वाढदिवसाला भिंगरीला अनवाणी कागदावर उभी करायची, चपट्या पेन्सिलीने पायाभोवती रेघ मारायची आणि तारीख घालायची. पहिल्या वाढदिवसाचा पाय रताळ्याएवढा. असे नऊ कागद. हा रिवाज आजोबांचा, त्यात कुणाचाही वाटा नव्हता. त्यांनी नववा कागद काढला, त्यावरून लाकडी साचा घासला, आणि ठेवणीतलं मऊ चामडं कापायला घेतलं.

दुसऱ्याच दिवशी भिंगरी दुकानात आली, चपला भिरकावून कागदांच्या चळतीखाली उभी राहिली. “आजोबा, माझा पाय घ्या ना नवीन.”

आजोबांनी पेन्सिल उचललीही होती. तेवढ्यात तिच्या मागून दारातून व्याही डोकावले. “हो, एकदा बघून घ्या. या वयात पाय भारी वाढतात हो. पुढे एक बोट जागा ठेवलेली बरी.”

एक बोट जागा! बेचाळीस वर्षं बूट शिवणाऱ्याला! आजोबांच्या अंगाचा तिळपापड झाला.

“हिचा पाय मला पाठ आहे,” ते म्हणाले आणि पेन्सिल कानावर खोचली. “तुम्ही पाण्यातलं बघा, व्याहीबुवा. चामड्यातलं मी बघतो.”

भिंगरीने एकदा यांच्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि चपला घातल्या.

तीन आठवडे आजोबा त्या जोडीवर खपले. गिऱ्हाइकांच्या टाचा, तळवे, सुटलेली शिलाई, सगळं फळीवर पडून. “दुसऱ्यांचे बूट काय वितळून जाणारेत?” म्हणायचे. मेण लावलेल्या दोऱ्याचे टाके इतके बारीक घातले की आजी चष्मा लावून बघायला आली.

“लग्नात मला चपला केल्या होत्यात, त्यांना असले टाके नव्हते,” ती म्हणाली.

“तेव्हा मला व्याही नव्हते,” आजोबा म्हणाले.

आजी हसली, पण जाता जाता म्हणालीच, “जळून कोळसा व्हाल हो एक दिवस. मग गुडघ्याला शेक तरी मिळेल.”

तळ्यावर जायच्या आधीच्या रविवारी बूट तयार झाले. भिंगरीने घातले, उडी मारली, आरशात पाहिलं, आजोबांच्या गळ्यात पडली आणि दिवसभर काढलेच नाहीत. जेवतानाही पायात. आजोबांची छाती अशी फुगली की त्यांनी व्याह्यांना आपण होऊन दुसरा चहा विचारला.

सोमवार, बुधवार, शुक्रवार असा व्याह्यांचा सराव ठरला होता: शाळा सुटली की पाण्याच्या टाकीमागची टेकडी चढून यायची. दुकानापासून निघायचं, दुकानापाशी परत. तिन्ही दिवस आजोबा हातातलं काम टाकून दारात उभे राहिले. भिंगरी त्यांचे बूट घालून टकाटक जाताना दिसली, टकाटक येताना दिसली. एका खांद्यावर व्याह्यांची पिशवी, दुसऱ्या हातात व्याह्यांचा हात. कोपऱ्यावर वळेपर्यंत दोघं कुजबुजत जायची, आणि वळण आलं की भिंगरी मागे वळून आजोबांना हात करायची. काय कुजबुजतात ही? आपल्याशी बोलताना पोर एवढी आवाज बारीक करत नाही. मग आजोबा तिच्या पायांकडे बघायचे आणि स्वतःची समजूत घालायचे: बूट माझे आहेत.

शुक्रवारी परत आल्यावर आजोबांनी भिंगरीला स्टुलावर बसवलं. व्याही पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन दारात थांबले. “दे पाय. रविवारच्या आधी तळव्यांना मेण लावून देतो.”

“नको आजोबा, असू दे—”

पण तोवर आजोबांनी तिचा पाय मांडीवर घेऊन बूट उलटा केला होता.

टाकीमागची टेकडी सगळी मुरमाची. तीनदा तिच्यावर चढलेला तळवा कसा दिसतो, हे आजोबांना झोपेतही सांगता आलं असतं. पुढच्या कडेला ओरखडे हवेत, टाचेच्या बाहेरच्या अंगाला झीज हवी, शिवणीत लाल माती हवी. या तळव्यावर रस्त्याची करडी धूळ होती. बस्स. रविवारी कडेला घातलेली मेणाची चकाकी जशीच्या तशी होती.

त्यांनी दुसरा बूट पाहिला. तोही तसाच.

“हे बूट टेकडीवर गेलेच नाहीत,” आजोबा म्हणाले.

व्याह्यांनी खांद्यावरची पिशवी हळूच मागे सरकवली. ते सरकवणं आजोबांनी पाहिलं, आणि पिशवीच्या तोंडातून लोंबणारी निळी नाडीही पाहिली.

असं आहे तर! कोपऱ्यापर्यंत माझे, कोपऱ्यानंतर त्यांचे! रोज वळणाआड बसून बूट बदलायचे, परत येताना पुन्हा चढवायचे आणि मला बनवायचं. दोघांनी मिळून! आजोबांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. बूट गेले, नात गेली, आता राहिलं काय? व्याह्यांना उभं-आडवं सुनावायला त्यांनी तोंड उघडलं, आणि भिंगरीने पाय पोटाशी ओढून घेतला.

“पोहणाऱ्या आजोबांना रागावू नका. मीच म्हटलं सांगू नका म्हणून.”

आजोबांनी तिचा पाय पुन्हा हातात घेतला. या वेळी बूट काढला, मोजा काढला. अंगठ्याचं नख काळंनिळं झालं होतं. टाचेवर पट्टी होती. नीट, कडा न उचलणारी, पाण्यात पस्तीस वर्षं पोरांचे पाय सांभाळलेल्या हाताने लावलेली.

“कधी झालं हे?”

“रविवारी. दिवसभर घातले होते ना.” मग घाईघाईने, “पण थोडंसंच दुखतं, आजोबा. बूट खूप छान आहेत. माझेच पाय मोठे झाले.”

माझेच पाय मोठे झाले! नऊ वर्षांची पोर त्यांची चूक आपल्या पायावर घेत होती. आजोबांना काही दिसेना. चष्मा पुसला तरी दिसेना.

त्यांनी खाकी कागद जमिनीवर पसरला. “उभी राहा.”

भिंगरी उभी राहिली. आजोबा दुखऱ्या गुडघ्यासकट जमिनीवर बसले आणि पायाभोवती रेघ मारली. नववा कागद शेजारी ठेवला. नवी रेघ जुनीच्या पुढे होती, अंगठ्याच्या पेराएवढी. साचा गाडीखाली गेला असता तरी त्यांना इतकं लागलं नसतं.

“जा, आजीला टाचेला मलम लावायला सांग,” ते म्हणाले. भिंगरी आत गेल्यावर त्यांनी व्याह्यांपुढे हात केला. “काढा ते कारखान्याचे.”

व्याह्यांनी बूट दिले. आजोबांनी ते उलटेसुलटे केले, वाकवले, आत हात घालून शिवण अन् शिवण चाचपली. देवा, एक तरी खोट सापडू दे! सापडेना. टाच पक्की, अस्तर मऊ, तळव्याला ओरखडे जिथे हवेत तिथेच. आणि पुढे बरोबर एक बोट जागा.

“मी तिला शब्द दिला होता,” व्याही दारातूनच म्हणाले. “आजोबांना वाईट वाटेल म्हणाली. मला फसवायचं नव्हतं हो तुम्हाला.”

आजोबा बराच वेळ बूट चाचपत राहिले. यांनी आपल्यापासून एक गोष्ट लपवली, आपल्याला लागू नये म्हणून. आणि आपण काय लपवलं? कशासाठी?

“व्याहीबुवा, आठची बस नको,” ते एकदम म्हणाले. “सहाची धरा.”

“सहाची? पोरीची झोप?”

“झोप गेली खड्ड्यात! साडेदहाला वारा सुटतो वर. त्याच्या आत पोचायला हवं.” आणि मग तीन धोंडे, फट, कातळ, उलटा डोंगर, सगळं त्यांनी भडाभडा सांगून टाकलं. “मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्ही विचारलंत, मी मूग गिळून बसलो. मुद्दाम.”

“मुद्दाम? का?”

“का म्हणजे? जळत होतो म्हणून! अजूनही जळतोय!”

व्याह्यांनी खाली पाहिलं, मग पायरीवर बसले. “टेकडी चढताना ती अखंड बोलते,” ते म्हणाले. “बूटवाले आजोबा वासावरून चामडं ओळखतात, बूटवाले आजोबा डोळे मिटून सुई ओवतात. पोहण्याबद्दल आजवर एक अक्षर विचारलेलं नाही. मला काय गुदगुल्या होतात वाटतं?”

आजोबांना हे ऐकून बरं वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

“तिला सांगतो, तुमची जागा म्हणून,” व्याही उठता उठता म्हणाले.

“अजिबात नाही.” आजोबांनी बूट त्यांच्या हातात कोंबले. “चढताना सगळा वेळ ‘बूटवाले आजोबा असते तर’ म्हणत बसेल. अर्धं तळं त्यातच वाया जाईल. तुम्हीच शोधली म्हणा.”

बोलून गेले खरे. पण रविवारी सकाळी बसचा धूर विरल्यावर आपण हे काय करून बसलो असं त्यांना झालं. दुकानाला सुट्टी असून ते आत जाऊन बसले. नऊ वाजले. साडेनऊ. पावणेदहाला त्यांनी आरी खाली ठेवली. आत्ता पोचले असतील. आत्ता फटीतून सरकत असतील, पोट आत घेऊन. आत्ता ती पालथी पडली असेल, आणि तिचं तोंड... ते तोंड बघायला आपण पाच वर्षं थांबलो, आणि बघतोय कोण!

“घड्याळ बघून बघून झिजेल ते,” आजी दारातून म्हणाली. तिने चहा ठेवला आणि पहिल्यांदाच पुढे काही टोमणा मारला नाही.

संध्याकाळी भिंगरी धाडकन दार उघडून आत आली. नाक उन्हाने लाल, केसांत काड्या, पायांत निळ्या नाड्यांचे बूट, मातीने भरलेले. तिच्या मागे व्याही, एका दिवसात थोडे म्हातारे झालेले.

“आजोबा! कान इकडे करा!” ती कुजबुजली, आवाज बारीक करून, अगदी कोपऱ्यावरच्यासारखा. “वर एक गुप्त जागा आहे. जगात कुणालाच माहीत नाही. पोहणाऱ्या आजोबांनी शोधली!”

व्याही दारातच घुटमळले. “अगं भिंगरे, ती जागा खरं म्हणजे—”

“व्याहीबुवा, बूट पुसा आधी!” आजोबा ओरडले. “पायपुसणं काय शोभेला ठेवलंय?”

व्याह्यांनी तोंड मिटलं आणि मुकाट्याने बूट पुसायला लागले.

“हं, सांग,” आजोबा भिंगरीला म्हणाले. “काय आहे तिथे?”

आणि भिंगरीने सांगितलं. धोंडे किती ते सांगितलं, फटीत पोहणारे आजोबा कसे अडकले ते सांगितलं, पाणी किती गप्प होतं ते सांगितलं. “आणि डोंगर उलटा! शिखर कुठे होतं सांगा? इथे!” तिने हनुवटीखाली हात धरला.

“खोटं.”

“शप्पथ! मी फुंकर मारली तर हललं!”

फुंकर मारायचं मात्र आजोबांना तीस वेळांत एकदाही सुचलं नव्हतं. त्यांना हसू आलं, आणि जळतही होतं, दोन्ही एकदम.

“ही जागा फक्त आम्हा दोघांची आहे,” भिंगरी म्हणाली. “आता तुमची पण. तुमचा गुडघा बरा झाला ना, की मी तुम्हाला नेईन. फट अरुंद आहे, पण घाबरायचं नाही. मी पुढे होईन, तुम्ही माझं बोट धरा.”

दारात व्याह्यांचं बूट पुसणं थांबलं.

“धरीन,” आजोबा म्हणाले. मग त्यांनी बसायचं बुटकं स्टूल पुढे ओढलं, तिचा पाय मांडीवर घेतला आणि निळी नाडी सोडायला लागले.